आरमध्ये एन्क्रिप्ट केलेला डेटा जतन करणारी रॅपर फंक्शन्स: कमिटीच्या शेऱ्यापासून कागदावरच्या किल्लीपर्यंत

एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: सहभागी व्यक्तींची ओळख पटेल असा डेटा कुठे ठेवणार, कोण उघडू शकणार, नष्ट कधी करणार. ‘पासवर्ड असलेल्या संगणकावर’ एवढं उत्तर आता चालत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या आरोग्य सर्वेक्षणाच्या अर्जावर नेमका तोच शेरा आला: फाइल्स एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा) कशा होणार आणि किल्ली कोणाकडे असणार ते लिहून द्या. बैठक महिन्यातून एकदाच, त्यामुळे घाईघाईत काहीबाही लिहिलं तर आणखी एक महिना जाणार हे उघड होतं.

डेटा हडपसर, येरवडा आणि मुळशी तालुक्यातल्या काही गावांतला. नाव, मोबाइल नंबर, पत्ता आणि आजारांचा इतिहास, म्हणजे बाहेर जाऊ नये असं सगळंच. काम करणारे चौघं, दोन विंडोज लॅपटॉप, एक मॅक आणि संस्थेचा उबुंटू सर्व्हर. विश्लेषण पूर्णपणे आर या संख्याशास्त्रीय प्रोग्रामिंग भाषेत. हे सगळं जवळपास जानेवारीपर्यंत चाललं. तोच क्रम इथे ठेवला आहे. फंक्शनांची नावं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत, आरमध्ये काम करणाऱ्यांना ओळखू येतील.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ८(५) प्रमाणे डेटा हाताळणाऱ्याने वाजवी सुरक्षा उपाय करायचे आहेत. ते न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संशोधनाला कलम १७ मध्ये सवलत आहे, पण ठरवून दिलेली मानकं पाळली तरच, आणि त्या मानकांत सुरक्षा उपाय पुन्हा येतातच. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले, त्यांत एन्क्रिप्शनचा नावानिशी उल्लेख आहे. कमिटीला पाठवलेल्या उत्तरात हा परिच्छेद कामाला आला.

पॅकेज कोणतं घ्यायचं हा पहिला निर्णय. आरची पॅकेजेस लिहिणाऱ्या आर-ओपनसाय गटाचं सायफर (स्पेलिंग सी-वाय-पी-एच-आर) हे या कामासाठीच लिहिलेलं आहे. नेहमीची सेव्हआरडीएस किंवा राइट-सीएसव्हीची (फाइल लिहिणाऱ्या फंक्शनांची) ओळ त्याच्या एन्क्रिप्ट फंक्शनात गुंडाळली की फाइल बंद होऊन पडते. टीममधल्या प्रत्येकाची एसएसएच किल्ली वापरून एकच डेटा-किल्ली सगळ्यांना वाटायची सोयही त्यात आहे. माणसं वरचेवर बदलत असतील तर सरळ तेच घ्या. आम्हाला एक गोष्ट खटकली. अशी गुंडाळलेली ओळ आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये साधी फाइल लिहिते, मग ती एन्क्रिप्ट करते आणि साधी प्रत पुसते. मधेच आर क्रॅश झालं तर साधी प्रत तिथेच राहते, आणि एसएसडीवर ‘पुसली’ म्हणजे खरोखर पुसली गेलीच असं नाही. सायफरमध्येच वस्तू थेट मेमरीत एन्क्रिप्ट करणारं वेगळं फंक्शन आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. पण आम्हाला कॉम्प्रेशन हवं होतं, फाइलचा आराखडा कागदावर मांडून दाखवायचा होता, म्हणून सोडियम पॅकेजवर स्वतःचं पातळ रॅपर (तयार फंक्शनं गुंडाळून घेणारं छोटं फंक्शन) लिहायचं ठरलं. गणित त्याखालच्या लिबसोडियम या एन्क्रिप्शन लायब्ररीचं, आपण फक्त बाइट कुठे ठेवायचे ते ठरवायचं. एन्क्रिप्शनची पद्धत स्वतः शोधायच्या फंदात मात्र कुणी पडू नये.

विंडोज आणि मॅकवर सोडियम नेहमीसारखं बसतं, लायब्ररी सोबतच येते. उबुंटूवर आधी लिबसोडियम-डेव्ह लागतं (फेडोरा, रॉकी वगैरेंवर लिबसोडियम-डेव्हेल), नाहीतर इन्स्टॉल कॉन्फिगरेशनपाशीच अडतं. सर्व्हरवर ते बसवायला अॅडमिनचे अधिकार हवेत, म्हणजे तिकीट टाकायचं. २७ ऑगस्टला गणपती बसले, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. तिकीट त्यानंतर हललं. तुम्हीही तिकीट टाकणार असाल तर त्यातच लिबसीक्रेट-१-डेव्हसुद्धा मागून घ्या. किल्ल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पासवर्ड-तिजोरीत ठेवणाऱ्या कीरिंग पॅकेजला ते लागतं आणि दुसरं तिकीट टाकायचं वाचतं.

तोपर्यंत लॅपटॉपवर फंक्शन उभं राहिलं. दोनच: ‘जतन’ आणि ‘उघड’. जतनला वस्तू आणि फाइलचं नाव द्यायचं, उघडला फक्त फाइलचं नाव. किल्ली दोन्ही फंक्शनं स्वतः शोधतात. वापरायला सेव्हआरडीएसपेक्षा एक अक्षरही जास्त लागलं तर घाईच्या दिवशी माणूस सेव्हआरडीएसच लिहिणार, हे गृहीत धरूनच रॅपर लिहावं.

जतनच्या आत क्रम असा आहे. वस्तूचे बाइट करणाऱ्या सिरिअलाइझला वस्तू आणि कनेक्शनच्या जागी नल दिलं की फाइल न लिहिता रॉ व्हेक्टर (नुसत्या बाइटची रांग) हातात येतो. तो मेमकॉम्प्रेसने जीझिप पद्धतीने दाबायचा. हे एन्क्रिप्शनच्या आधीच. एन्क्रिप्ट झालेले बाइट यादृच्छिक दिसतात, नंतर दाबून एक बाइटही कमी होत नाही. मग सोडियमच्या रँडमकडून २४ बाइटचा नॉन्स (एकदाच वापरायचा यादृच्छिक आकडा) घ्यायचा आणि डेटा-एन्क्रिप्टला दाबलेला व्हेक्टर, ३२ बाइटची किल्ली आणि हा नॉन्स द्यायचा. आत एक्ससाल्सा२० आणि पॉली१३०५ चालतात. म्हणजे मजकूर झाकला जातोच, शिवाय कुणी एक बिट जरी बदललं तरी उघडताना पकडलं जातं.

इथे सगळ्यांचा पाय अडकतो. डेटा-एन्क्रिप्ट जो रॉ व्हेक्टर परत देतं, त्याला नॉन्स अॅट्रिब्यूट (वस्तूला जोडलेली जादा माहिती) म्हणून चिकटवलेला असतो. त्याच सेशनमध्ये डेटा-डिक्रिप्ट करून बघितलं तर सुरळीत चालतं, कारण ते अॅट्रिब्यूटमधून नॉन्स उचलतं. पण राइटबिनने फाइल लिहिली की फक्त बाइट लिहिले जातात, अॅट्रिब्यूट गळून पडतो. दुसऱ्या दिवशी फाइल वाचली तर किल्ली बरोबर, बाइट बरोबर, आणि नॉन्स कुठेच नाही. ती फाइल कायमची गेली. एन्क्रिप्ट झालेला व्हेक्टर सेव्हआरडीएसने ठेवला तर अॅट्रिब्यूट टिकतो, पण मग आराखडा आपल्या हातात राहत नाही. म्हणून नॉन्स फाइलच्या सुरुवातीलाच ठेवायचा. तो गुप्त नसतो. फक्त त्याच किल्लीबरोबर पुन्हा वापरायचा नाही, आणि २४ बाइट यादृच्छिक निवडले तर तशी वेळ येत नाही.

आमच्या फाइलचा आराखडा: पहिले ४ बाइट ओळखचिन्ह, १ बाइट आवृत्ती, ८ बाइट किल्लीचा ठसा, २४ बाइट नॉन्स, मग एन्क्रिप्ट केलेला मजकूर, ज्यात १६ बाइट तपासणीची खूण धरलेली असते. एकूण वाढ ५३ बाइट. किल्लीचा ठसा म्हणजे किल्लीवर सोडियमचं हॅश (उलट न फिरवता येणारं गणित) चालवून घेतलेले पहिले ८ बाइट. त्यावरून किल्ली काढता येत नाही, पण ठशाचा फायदा मोठा आहे. चुकीची किल्ली आणि खराब झालेली फाइल, दोन्हींना लिबसोडियम सारखीच एरर देतं. ठसा असला की ‘ही फाइल दुसऱ्या किल्लीने बंद केली आहे’ आणि ‘किल्ली बरोबर आहे, फाइल बिघडली आहे’ असे दोन वेगळे निरोप देता येतात. रात्री नऊ वाजता सहकाऱ्याचा फोन येतो तेव्हा या फरकाची किंमत कळते.

फाइलचं एक्स्टेन्शन आरडीएस ठेवू नका. कुणीतरी रीडआरडीएस करून बघतंच, आणि ‘अननोन इनपुट फॉरमॅट’ दिसलं की फाइल करप्ट झाली म्हणून जुन्या बॅकअपकडे धावतं.

लिहिण्याची पद्धतही महत्त्वाची. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं नवीन नाही, आणि यूपीएसची बॅटरी प्रत्येक टेबलाखाली धडधाकट असेलच असं नाही. जुन्या फाइलवर थेट लिहिताना वीज गेली तर जुनंही गेलं आणि नवंही. म्हणून त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहायचं, ती फाइल परत वाचून डिक्रिप्ट करून बघायची, जुळलं तरच फाइल-रिनेमने खऱ्या नावावर आणायचं. ऑन-एक्झिटमध्ये तात्पुरती फाइल पुसायची ओळ ठेवा. त्याच फोल्डरमध्ये असं मुद्दाम म्हटलं आहे. दुसऱ्या ड्राइव्हवरून नाव बदलणं म्हणजे मुळात कॉपी करणं, ते अर्ध्यात तुटू शकतं किंवा चक्क नाकारलं जातं.

परत वाचून तुलना करताना अनसिरिअलाइझपर्यंत जाऊ नका. डेटा-टेबलच्या वस्तूंमध्ये एक अंतर्गत पॉइंटर असतो, तो परत येताना रिकामा होतो आणि आयडेंटिकल खोटं सांगू शकतं. डिक्रिप्ट झालेले बाइट आणि आधीचे दाबलेले बाइट एकमेकांशी ताडा, तेवढं पुरे. त्याच कारणाने उघडमधून डेटा-टेबल परत आलं की एकदा सेट-डीटी चालवून घ्या. नकाशांच्या टेरा पॅकेजचे रास्टर असे भरवशाने जतन होत नाहीत, आधी त्या पॅकेजचं रॅप वापरलेलं बरं. एसएफ या नकाशांच्याच पॅकेजच्या वस्तू साध्या असतात, त्या विनातक्रार जातात.

उघडमध्ये हाच क्रम उलटा: रीडबिनला फाइल-साइजइतके बाइट मागायचे, ओळखचिन्ह, आवृत्ती आणि ठसा तपासायचा, नॉन्स सोडवायचा, डिक्रिप्ट, मेमडीकॉम्प्रेस, अनसिरिअलाइझ. तपासणी अनसिरिअलाइझच्या आधी होते हा या क्रमाचा दुसरा फायदा. आरच्या सिरिअलाइझ केलेल्या फाइलमध्ये कोड लपवता येतो. २०२४ मध्ये याच धर्तीची एक त्रुटी, सीव्हीई-२०२४-२७३२२, आर ४.४.० मध्ये दुरुस्त केली गेली. कुठून आली माहीत नाही अशी आरडीएस उघडणं त्यानंतरही धोक्याचंच आहे. इथे किल्ली नसलेल्याने बनवलेली फाइल अनसिरिअलाइझपर्यंत पोचतच नाही.

ऑक्टोबरमध्ये टेस्ट लिहिल्या. टेस्ट लिहायच्या टेस्टदॅट पॅकेजमध्ये एवढ्या तरी असाव्यात: फाइलच्या मधला एक बाइट झॉरने उलटवला की एरर आलीच पाहिजे, शेवटचे शंभर बाइट कापले की एरर, शून्य बाइटची फाइल दिली की समजेल असा निरोप, दुसरी किल्ली दिली की ठशाचा निरोप, आणि देवनागरी नावं जशीच्या तशी परत आली पाहिजेत. शेवटची टेस्ट गंमत म्हणून नाही. विंडोजवर आर ४.२.० च्या आधी मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ नव्हतं. जोडाक्षरं आणि रफार असलेली गावांची नावं सीएसव्हीतून फिरताना चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन यायची. सिरिअलाइझ प्रत्येक मजकुराच्या एन्कोडिंगची खूण सोबत नेतं, म्हणून इथे ती अडचण येत नाही. तरी तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर एकमेकांच्या फाइली उघडून बघा.

मेमरीचंही लक्षात ठेवा. मूळ वस्तू, सिरिअलाइझ केलेली प्रत, दाबलेली, एन्क्रिप्ट केलेली आणि पडताळणीसाठी परत वाचलेली, या सगळ्या काही क्षण एकाच वेळी रॅममध्ये असतात. आठ जीबीच्या लॅपटॉपवर दोन जीबीची वस्तू जतन करायला जाल तर आर गुदमरेल. गाव किंवा वॉर्डनुसार तुकडे करा.

किल्लीचा भाग सगळ्यात लांबला, आणि भीती वाटते ती इथेच. पासवर्ड विसरला तर नवा मिळेल ही सवय डोक्यात इतकी बसलेली असते की ‘विसरलात?’ असं बटण इथे नाही हे स्वीकारायलाच वेळ लागतो.

किल्ली सोडियमच्या कीजेनने बनवावी, मनाने रचलेली नको. पासवर्डवरूनच करायची असेल तर एससीक्रिप्ट आहे, पण त्याचं सॉल्ट (पासवर्डात मिसळायचे जादा बाइट) डीफॉल्टने ३२ शून्य बाइट असतं. ते आपलं यादृच्छिक देऊन फाइलमध्ये साठवावं लागतं. ३२ बाइटची किल्ली बिन२हेक्सने ६४ अक्षरांची होते. ती लॅपटॉपवर कीरिंगमध्ये ठेवली: विंडोजवर क्रेडेन्शिअल स्टोअर, मॅकवर कीचेन. की-सेट वापरा, ते वेगळी खिडकी उघडून विचारतं. व्हॅल्यू थेट कॉलमध्ये देणारं भावंडही आहे, पण कन्सोलवर ते चालवलं की किल्ली आर-हिस्ट्रीच्या फाइलमध्ये जाऊन बसते.

सर्व्हरवर डेस्कटॉप नसल्याने कीरिंगला हवी ती सीक्रेट सर्व्हिस नव्हती. क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या कामाला तर लॉगिन झालेला माणूसच नसतो. तिथे किल्ली होम फोल्डरमधल्या आर-एन्व्हायरन या सेटिंगच्या फाइलमध्ये, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. प्रोजेक्ट फोल्डरमधल्या आर-एन्व्हायरनमध्ये कदापि नको, ती फाइल गिटमध्ये जाते आणि एकदा गेली की इतिहासातून उपटणं हे वेगळंच काम होऊन बसतं. जतन आणि उघड आधी कीरिंग बघतात, मग एन्व्हायरन्मेंट, नाहीतर स्पष्ट निरोप देऊन थांबतात. नवी किल्ली आपोआप बनवायची ‘सोय’ रॅपरमध्ये ठेवू नका. लोकांच्या नकळत दोन किल्ल्या तयार होतात.

कागदावरची प्रत: ६४ अक्षरं चार-चारच्या गटांत, समान रुंदीच्या फॉन्टमध्ये, खाली किल्लीचा ठसा आणि तारीख. हेक्समध्ये ओ आणि शून्याचा घोळ होत नाही, पण हाताने लिहिलेले बी आणि ६ फसवतात, म्हणून छापीलच ठेवा. छापायला झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअॅप करायचं नाही हे सांगायला नको, तरी सांगतो. दोन सीलबंद पाकिटं: एक प्रमुख संशोधकांकडे, एक संस्थेच्या तिजोरीत, उघडल्याची नोंद करायला रजिस्टर. मग सराव: ज्याने कोडला हात लावलेला नाही अशा सहकाऱ्याने कोऱ्या लॅपटॉपवर फक्त कागद बघून किल्ली टाइप करायची आणि एक फाइल उघडून दाखवायची. ठसा जुळतो का ते आधी बघता येतं, त्यामुळे टाइप करताना चुकलं असेल तर ते लगेच कळतं. हा सराव झाल्याखेरीज मूळ सीएसव्ही पुसायची नाही असं ठरलं होतं, आणि तो नियम तुम्हीही ठेवा.

खर्च म्हणाल तर पॅकेजेस सगळी फुकट. पुण्याच्या तपकीर गल्लीतून बॅकअपसाठी दोन पेन ड्राइव्ह आणि चांगली पाकिटं, सगळं मिळून हजार रुपयांच्या आत.

डिसेंबर उघड्या प्रती शोधण्यात गेला. रॅपर कितीही पक्कं असलं तरी डेटा मागच्या दाराने बाहेर राहतो, आणि ही दारं आरमध्ये भरपूर आहेत. आर बंद करताना वर्कस्पेस सेव्ह केला की आरडेटाच्या फाइलमध्ये सगळं उघडं. यूजदिस पॅकेजमधलं यूज-ब्लँक-स्लेट हे बंद करतं. अहवाल बनवणाऱ्या नीटर पॅकेजचा कॅश चालू असेल तर प्रत्येक चंकच्या वस्तू फोल्डरमध्ये साध्या पडलेल्या असतात. आरस्टुडिओ सर्व्हर बराच वेळ वापर नसला की सेशन डिस्कवर उतरवून ठेवतं, त्यात मेमरीतला डेटा असतो; काम झालं की सेशन बंद करूनच उठा. डाउनलोड्समध्ये कोबो या सर्वेक्षणाच्या साधनातून उतरवलेली सीएसव्ही आणि क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरच्या जुन्या आवृत्त्या तर ठरलेल्याच.

सगळ्यात फसवे असतात ते निकाल. एलएम या आरच्या फंक्शनने बसवलेलं मॉडेल ‘हा काही डेटा नाही’ म्हणून साध्या सेव्हआरडीएसने ठेवलं जातं, ईमेलही होतं. त्या वस्तूच्या मॉडेल नावाच्या घटकात वापरलेल्या चलांच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा असतात. फंक्शनच्या आत मॉडेल बसवलं असेल तर फॉर्म्युलाबरोबर त्या फंक्शनचं अख्खं एन्व्हायरन्मेंट सिरिअलाइझ होतं, म्हणजे नाव आणि मोबाइलचे कॉलमही आत. चार आकड्यांच्या निकालाची फाइल काही एमबीची दिसली तर हेच कारण. आलेख काढणाऱ्या जीजीप्लॉटची वस्तूही मूळ टेबल पोटात घेऊन फिरते. आलेख पीएनजी करून पाठवा, मॉडेलचे सहगुणक ब्रूमच्या टायडीने टेबलात काढून पाठवा, आणि मूळ वस्तू जतनमधूनच ठेवा.

लॅपटॉपची डिस्क वेगळी एन्क्रिप्ट करावीच लागते, विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. स्वॅप आणि हायबरनेशनमध्ये काय उतरतं त्यावर आरमधल्या कुठल्याच रॅपरचा ताबा नाही. आरएमने वस्तू काढली तरी मेमरी लगेच पुसली जात नाही, हेही कमिटीला लिहून दिलं. अर्धवट दावा करण्यापेक्षा मर्यादा सांगितलेली त्यांना चालते.

टीममधलं कोणी बाहेर पडलं तर काय, हा प्रश्न कमिटीने विचारलाच. उत्तर: नवी किल्ली, सगळ्या फाइल्स उघडून पुन्हा जतन, जुने बॅकअप नष्ट. ठसा फाइलच्या डोक्यावरच असल्याने कोणती फाइल अजून जुन्या किल्लीवर आहे ते डिक्रिप्ट न करता पहिले १३ बाइट वाचून कळतं. दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते. गेलेल्या माणसाने आधीच नेलेली प्रत मात्र कुठलीही किल्ली परत आणत नाही.

मंजुरीचं पत्र जानेवारीत आलं. सोबत दिलेलं टिपण दोन पानांचं होतं: फाइलचा आराखडा, किल्लीधारकांची पदं, सरावाची तारीख, नष्ट करण्याची तारीख. कोड जोडायला कोणी सांगितलं नाही.

एक काम नंतर केलं, ते आधीच केलेलं बरं. बरीच वर्षं ठेवायच्या प्रतीसाठी सिरिअलाइझ वापरू नका. आमचा आराखडा पायथनमध्ये उघडून बघितला: सुरुवातीचे १३ बाइट सोडले की उरलेलं पायनॅकल या पायथनच्या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या सीक्रेटबॉक्सला थेट चालतं, कारण त्यालाही नॉन्स पुढे आणि मजकूर मागे असाच क्रम लागतो. झेडलिबने दाबही निघतो. पण आत मिळतात ते आरचे सिरिअलाइझ केलेले बाइट, आणि तिथून पुढे पुन्हा आरच्या खास वाचकाची शोधाशोध. म्हणून जतनला एक पर्याय जोडला: रीडआरच्या फॉरमॅट-सीएसव्हीने टेबल मजकुरात करायचं, चार-टू-रॉने बाइट करायचे आणि तेच दाबून एन्क्रिप्ट करायचे. आवृत्तीचा बाइट तिथे २ असतो, उघडला त्यावरूनच कळतं. अशा फाइलमध्ये फॅक्टरच्या पातळ्या आणि तारखांचे प्रकार टिकत नाहीत; त्यासाठी कॉलमांची माहिती देणारी छोटी फाइल शेजारी ठेवावी लागते, आणि तिच्यात कोणाचं नाव नसल्याने ती उघडी ठेवली तरी चालते.